टॅरिफ ५० टक्के झालं, बँकांचे शेअर ठेवायचे की विकायचे?

मुळशीकर | ३० ऑगस्ट २०२५, सकाळी ९:४०

गणेश चतुर्थीला बाजार बंद होता आणि नेमकं त्याच दिवशी अमेरिकेचं भारतीय मालावरचं जादा २५ टक्के (रशियाचं तेल घेतल्याबद्दलचा दंड) लागू झालं, म्हणजे ७ तारखेचं २५ आणि हे २५ असं मिळून ५०. मंगळवारी सेन्सेक्स ८४९ ने पडला, गुरुवारी आणखी ७०० च्या वर, काल परत लाल, आणि रुपया पहिल्यांदाच ८८ च्या पलीकडे गेला. माझ्याकडे बँकांचे तीन शेअर आहेत, स्टेट बँक, बँक ऑफ महाराष्ट्र आणि एचडीएफसी बँक. (एचडीएफसीचा भाव निम्मा दिसतोय तो १:१ बोनसमुळे, म्हणजे एका शेअरमागे एक फुकट, मंगळवारी एक्स-बोनस झाला. आमच्या फॅमिली ग्रुपवर लोक उगाच घाबरलेत म्हणून सांगितलं.)

माझा प्रश्न साधा आहे. बँक काही कंटेनर भरून न्यूयॉर्कला पाठवत नाही, मग टॅरिफचा आणि बँकेच्या नफ्याचा नेमका संबंध किती? स्टेट बँकेने जुलैमध्ये क्यूआयपी (मोठ्या संस्थांना थेट नवे शेअर विकणं) ८१७ ला केला, २५ हजार कोटी उभे केले, आणि आज भाव त्याच्याही खाली. म्हणजे मोठमोठ्या संस्थांनी घेतलं त्यापेक्षा स्वस्तात आपल्याला मिळतोय. ही संधी म्हणायची की पुढे काही वाईट येतंय त्याची चाहूल?

ऑप्शन_चेन | ३० ऑगस्ट, सकाळी १०:०५

टॅरिफ बाजूला ठेवा, बाँड यील्ड बघा, म्हणजे सरकारी रोख्यांवरचा परतावा. जूनअखेर दहा वर्षांचं यील्ड ६.३ च्या आसपास होतं, आता ६.६ च्या आसपास आहे. पहिल्या तिमाहीत सगळ्या सरकारी बँकांनी ट्रेझरीत (बाँडच्या व्यवहारात) मजबूत कमावलं, यील्ड पडलं की हातातल्या बाँडचा भाव चढतो म्हणून. आता ते उलटं फिरलंय, पंतप्रधानांनी १५ ऑगस्टला जीएसटी कमी करणार म्हणून सांगितलं तेव्हापासून बाँडवाले घाबरलेत की सरकारचं उत्पन्न घटणार आणि कर्ज जास्त उचलणार. एफआयआय (परदेशी गुंतवणूकदार संस्था) महिनाभर विकतायत. मी पीएसयू (सरकारी) बँकांमध्ये सध्या खरेदीच्या बाजूला अजिबात नाही.

वऱ्हाडी_माणूस | ३० ऑगस्ट, सकाळी १०:३१

तुमचं यील्ड-बिल्ड ठीक आहे पण आमच्याकडचं ऐका राजेहो. ट्रम्पनं टॅरिफ लावलं तिरुपूरच्या कपड्यावर आणि सरकारनं भोसकलं कोणाला तर आम्हाले. कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून काढून टाकलं, आधी म्हणे ३० सप्टेंबरपर्यंत, आणि परवा २८ तारखेला ते ३१ डिसेंबरपर्यंत वाढवलं. आमचा कापूस बाजारात येतो दसरा-दिवाळीला! म्हणजे बरोबर आमच्या हंगामात बाहेरचा कापूस बिनशुल्क गोदामात येऊन बसलेला असणार. हमीभाव ८११० लांब धाग्याचा जाहीर केला, कागदावर चांगला आहे, पण व्यापारी किती देईल आणि सीसीआयचं सरकारी खरेदी केंद्र कधी उघडेल हे तुम्ही सांगा.

आणि याचा बँकेशी संबंध आहे, धाग्याच्या बाहेरचं बोलत नाही मी. पीक कर्ज फेडायचं ते याच कापसावर.

स्वदेशी_पहिले | ३० ऑगस्ट, सकाळी १०:५८

सरकारने शेतकऱ्यासाठीच तर अमेरिकेशी पंगा घेतलाय! त्यांना आपलं डेअरी आणि शेतीचं मार्केट उघडून हवं होतं, मका, सोयाबीन, दूध सगळं. पंतप्रधान ७ ऑगस्टला जाहीर बोलले की शेतकरी, पशुपालक, मच्छीमार यांच्या हिताशी तडजोड नाही, वैयक्तिक किंमत मोजावी लागली तरी. एवढं स्पष्ट कुठल्या सरकारने सांगितलं होतं? चीन रशियाचं तेल आपल्यापेक्षा जास्त घेतो, त्याला दंड नाही, आपल्यालाच. हा अन्याय आहे आणि आपण झुकलो नाही याचा मला अभिमान आहे. आणि काल जीडीपी ७.८ आलाय बघा, बँकांना काही होत नाही.

इचलकरंजीवाला | ३० ऑगस्ट, सकाळी ११:२०

भावा, अभिमान मलाबी हाय, पण माझ्या सायझिंगच्या (सुताला खळ लावायच्या) कामगाराचा पगार अभिमानावर होत न्हाई. आमचं कापड थेट अमेरिकेला जात न्हाई, आम्ही ग्रे (कोरं, न रंगवलेलं) कापड देतो, ते पुढं प्रोसेस होऊन गारमेंटवाल्याकडं जातं. गारमेंटवाल्याची ऑर्डर थांबली की त्यानं आमचं पेमेंट थांबवलं, पंधरा दिवसांचं दोन महिन्यांवर गेलं. बांगलादेश आणि व्हिएतनामवर २० टक्के हाय, पाकिस्तानवर १९, आमच्यावर ५०. कोण घेणार आमचा माल?

कापसाचं शुल्क काढलं ते आमच्यासारख्यासाठी बरं, सूत थोडं उतरंल. पण वऱ्हाडी दादा म्हणतात तेबी खरं हाय, मला ते वाचून वाईट वाटलं. एकाचं काढून दुसऱ्याला दिलं, आणि दुसऱ्याचंबी भागलं न्हाई.

निवृत्त_बँकवाला | ३० ऑगस्ट, दुपारी १२:१५

मी एका सरकारी बँकेत आयुष्य काढलं, शेवटची काही वर्षं एमएसएमई (छोटे-मध्यम उद्योग) कर्ज विभागात होतो, त्यामुळे मूळ प्रश्नाकडे येतो.

इचलकरंजीवाल्यांनी जे लिहिलं तोच टॅरिफचा आणि बँकेचा संबंध. निर्यातदाराला बँक पॅकिंग क्रेडिट देते, माल जायच्या आधी, आणि माल गेल्यावर बिलं डिस्काउंट करते. ऑर्डर रद्द झाली की पॅकिंग क्रेडिट तसंच राहतं, मुदत संपते, पण तो मोठा निर्यातदार असतो, त्याच्याकडे काहीतरी मार्ग असतो, ईसीजीसी या सरकारी कंपनीचा निर्यात विमा असतो. खरा त्रास त्याच्या मागच्या साखळीला. जॉबवर्कवाला, सायझिंगवाला, डाइंगवाला, खोका बनवणारा, यांची कर्जं बँकेच्या वहीत निर्यात कर्ज म्हणून नोंदलेलीच नसतात. ती खेळत्या भांडवलाची साधी सीसी (कॅश क्रेडिट) लिमिट असतात. म्हणून जे म्हणतात ना की कापड आणि हिरे-दागिने मिळून बँकांच्या एकूण कर्जाच्या दोन टक्क्यांच्या आसपास, ते आकडे बरोबर आहेत पण त्यावरून निर्धास्त होऊ नये.

आणि हे लगेच दिसत नाही. हप्ता थकला की ३० दिवसांपर्यंत एसएमए-० (म्हणजे लक्ष ठेवायचं खातं), ६० पर्यंत एसएमए-१, ९० पर्यंत एसएमए-२, त्यानंतर एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. ऑगस्टमध्ये ज्याचं पेमेंट अडकलं तो दोन-तीन महिने इकडून तिकडून करून व्याज भरतो, सोनं ठेवतो, मेहुण्याकडून घेतो. त्यामुळे सप्टेंबर तिमाहीचे आकडे स्वच्छच दिसतील. डिसेंबर आणि मार्च बघा.

ठाणेकर_ताई | ३० ऑगस्ट, दुपारी १२:४०

निवृत्त_बँकवाला काका, खूप छान समजावलंत. माझे मिस्टर सीप्झमध्ये (अंधेरीचं निर्यात क्षेत्र) दागिन्यांच्या युनिटला आहेत, तिथला बहुतेक माल अमेरिकेला जातो. २७ तारखेच्या आधी माल पोचावा म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये रात्रीच्या पाळ्या चालल्या. आता पाळ्या कमी झाल्यात, कारागिरांना सुट्टीवर जा म्हणतायत. आमचं होम लोन आहे आणि शेअरही आहेत त्याच बँकेचे. मी शेअर विकून लोनमध्ये भरावेत का असा विचार करतेय.

निवृत्त_बँकवाला | ३० ऑगस्ट, दुपारी १:०२

ताई, ज्या घरात पगाराचीच शंका आहे तिथे पहिलं काम सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च एफडीत वेगळे काढून ठेवणं. लोनमध्ये सगळं भरून टाकलं आणि उद्या पगार थांबला तर ते पैसे परत हातात येत नाहीत. त्यासाठी थोडे शेअर विकावे लागले तर विका, भाव काय आहे ते बघत बसू नका. लोन रेपोला (रिझर्व्ह बँकेच्या दराला) जोडलेलं आहे ना ते मात्र तपासा, फेब्रुवारीपासून रेपो ६.५० वरून ५.५० वर आलाय, तुमचा दर पूर्ण १ टक्का खाली आला नसेल तर शाखेत जाऊन विचारा.

प्रश्नकर्ता_नाशिक | ३० ऑगस्ट, दुपारी ३:१०

@स्वदेशी_पहिले, जीडीपी ७.८ वर उड्या मारू नका. बँक कर्ज देते चालू रुपयात. महागाई न वजा करता वाढ आहे ८.८, म्हणजे फरक एकच टक्का. कर्जवाढ १० टक्क्यांच्या आसपास आलीये, गेल्या वर्षी याच वेळी बरीच जास्त होती.

आणि रशियाच्या तेलाचं बोलायचं तर स्वस्त तेल घेतलं कोणी, फायदा झाला कोणाला? पेट्रोल आमच्या पंपावर शंभरीच्या वरच आहे. नफा रिफायनरीवाल्यांचा आणि दंड तिरुपूर-सुरतच्या मजुराला. हे परराष्ट्र धोरणाचं अपयश आहे, ‘हाउडी मोदी’ आणि ‘नमस्ते ट्रम्प’ करून शेवटी मिळालं काय तर जगातलं सगळ्यात जास्त टॅरिफ, ब्राझीलच्या बरोबरीने.

स्वदेशी_पहिले | ३० ऑगस्ट, दुपारी ३:३५

अपयश? तुमच्या लाडक्या सरकारच्या काळात बँकांचं काय झालं होतं ते आठवा. फोन करून कर्ज वाटली, २००८ ते २०१४. सरकारी बँकांचा एनपीए मार्च २०१८ ला साडेचौदा टक्क्यांवर गेला तो त्याच कर्जांमुळे. आज अडीच टक्क्यांच्या आसपास आहे. स्टेट बँकेने गेल्या वर्षी ७०,९०१ कोटी नफा केला. हे आपोआप झालं का?

प्रश्नकर्ता_नाशिक | ३० ऑगस्ट, दुपारी ३:५२

आपोआप नाही, आमच्या करातून झालं. ऑक्टोबर २०१७ ला २ लाख ११ हजार कोटींचं पुनर्भांडवलीकरण (सरकारी बँकांत नवं भांडवल घालणं) जाहीर केलं ते कोणाचे पैसे होते? आणि कर्ज राइट-ऑफ केली ती लाखो कोटींची. साफसफाई सुरू केली ती २०१५ ला रिझर्व्ह बँकेने, रघुराम राजन गव्हर्नर असताना, आणि त्यांनाच दुसरी टर्म मिळाली नाही.

स्वदेशी_पहिले | ३० ऑगस्ट, दुपारी ४:०१

राइट-ऑफ म्हणजे फक्त वहीतून काढणं, कर्जमाफी नाही हे किती वेळा सांगायचं! वसुली चालूच राहते. दिवाळखोरीचा कायदा २०१६ ला कोणी आणला?

व्यवस्थापक | ३० ऑगस्ट, दुपारी ४:२०

दोघांनाही विनंती. सरकारच्या धोरणाचा बँकांवरचा परिणाम हा विषय इथे चालेल, एकमेकांच्या लाडक्या-नावडत्या पक्षांवरचे शेरे नकोत. पुढचे तसे प्रतिसाद काढून टाकले जातील.

मुळशीकर | ३० ऑगस्ट, सायंकाळी ६:१५

व्यवस्थापकांचे आभार. मला वाटतं वरचे दोघं जे बोलले ते एकाच गोष्टीचे दोन तुकडे आहेत, कर्ज वाईट दिली गेली हेही खरं, आणि ती निस्तरायला करदात्याचे पैसे आणि रिझर्व्ह बँकेची तपासणी लागली हेही खरं. आपण भागधारक म्हणून यातून घ्यायची गोष्ट वेगळी आहे. सरकारी बँकेत आपला भागीदार सरकार आहे, आणि त्या भागीदाराला नफ्याशिवायही दहा कामं असतात. त्यामुळे त्याचा मूड बदलला की भाव बदलतो. २५ ऑक्टोबर २०१७ ला, पुनर्भांडवलीकरण जाहीर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, स्टेट बँक एका दिवसात २७ टक्के वर गेली, पंजाब नॅशनल तर ४५ च्या वर. ४ जून २०२४, लोकसभेचा निकाल, एक्झिट पोलवर आदल्या दिवशी चढलेल्या सगळ्या पीएसयू बँका धाडकन आपटल्या, इंडेक्स एका दिवसात १५ टक्के. त्या चोवीस तासात एकाही बँकेचं एकही कर्ज ना बुडलं ना वसूल झालं. मग बदललं काय, तर मालक कोण राहणार आणि कसा वागणार याबद्दलचा अंदाज.

हे मला महत्त्वाचं वाटतं कारण आपल्यातले बरेच जण पीएसयू बँक घेतात ती सरकार आवडतं म्हणून आणि विकतात ती सरकार नावडतं म्हणून. आणि मग निकालाचे आकडे वाचतच नाहीत.

वऱ्हाडी_माणूस | ३० ऑगस्ट, रात्री ८:४४

भागीदाराचं बोलले ते पटलं. आता कर्जमाफीचंच बघा. विधानसभेच्या प्रचारात कर्जमाफीचं आश्वासन दिलं. लोकं थांबले, का भरायचं, माफ होणार आहे. मार्च महिन्यात राज्याचे अर्थमंत्री म्हणतात ३१ मार्चच्या आत भरा. ज्यानं थांबवलं तो थकबाकीदार झाला, आता त्याले खरिपासाठी नवं कर्ज नाही, सावकाराच्या दारात गेला. २०१७ च्या वेळी पण असंच, ऑनलाइन फॉर्म, लाइनी, कोणाचं झालं कोणाचं नाही. मी माफीच्या विरोधात नाही, ज्याचं पीक गेलं त्याची माफी झालीच पाहिजे. पण आश्वासन देऊन लटकत ठेवणं हे शेतकऱ्याले पण मारते आणि बँकेले पण.

बँक ऑफ महाराष्ट्र आपल्या राज्याच्या बँकर्स समितीची संयोजक आहे, गावोगाव शाखा आहेत, त्यामुळे तुम्ही शेअर घेतला असेल तर हे कापसाचं आणि माफीचं प्रकरण तुमचंपण आहे.

वास्कोकर | ३० ऑगस्ट, रात्री ९:३०

आमच्या गोव्याकडची बाजू सांगतो. वेर्ण्याला औषध कंपन्यांचे मोठे कारखाने आहेत, अमेरिकेला गोळ्या जातात, आणि औषधांना हे ५० टक्के लागू नाही. स्मार्टफोनही वगळलेत. पुण्या-चाकणच्या ऑटो पार्टला वेगळ्या कायद्याखाली २५ टक्के आहे. कोळंबीला मात्र जबर फटका, ती मुख्यतः आंध्रची आणि त्यावर अँटी-डंपिंग शुल्क आधीपासून होतंच. म्हणजे बँक कुठली आणि तिची कर्जं कुठल्या पट्ट्यात हे बघूनच बोलायला हवं. आंध्र-तमिळनाडूत एमएसएमई जास्त असलेली बँक आणि मुंबई-पुण्यात गृहकर्ज जास्त असलेली बँक यांना एकाच मापाने मोजू नये.

न्यूजर्सीकर | ३१ ऑगस्ट, सकाळी ७:२०

इथून एक अपडेट. शुक्रवारी इथल्या अपील कोर्टाने ७ विरुद्ध ४ ने निकाल दिलाय की आणीबाणीचा कायदा वापरून लावलेले हे टॅरिफ बेकायदेशीर आहेत. पण ते लगेच उठत नाहीत, १४ ऑक्टोबरपर्यंत तसेच चालू राहणार आणि सरकार सुप्रीम कोर्टात जाणार. त्यामुळे ‘टॅरिफ गेलं’ म्हणून सोमवारी कोणी उडी मारू नका. आमच्या इथल्या भारतीय दुकानात तांदूळ, मसाले, पापड सगळ्याचे भाव वाढायला लागलेत, दुकानदार म्हणतो जुना स्टॉक आहे तोवर ठीक.

अवांतर: रुपया ८८ झाल्यामुळे इकडून पैसे पाठवणाऱ्यांची चंगळ आहे, आणि त्या ठेवी शेवटी बँकांकडेच येतात.

ऑप्शन_चेन | ३१ ऑगस्ट, सकाळी १०:१०

ठेवींचा विषय निघालाच आहे तर नफ्याचं खरं गणित तिथे आहे, टॅरिफमध्ये नाही. रेपो १ टक्का कमी झाला, रेपोला जोडलेल्या कर्जांचे दर लगेच उतरले, पण एफडी जुन्या दराने चालू आहेत, त्या मॅच्युअर होईपर्यंत बँक जास्त व्याज देत राहणार. म्हणून एनआयएम (कर्जाच्या आणि ठेवींच्या व्याजातला फरक) दबलंय. खासगी बँकांची जास्त कर्जं रेपोला जोडलेली, त्यांना आधी मार बसला. सरकारी बँकांत एमसीएलआरचा (बँकेच्या स्वतःच्या खर्चावर ठरणारा दर) हिस्सा मोठा, त्यांना हळूहळू बसणार.

दिलासा एकच, सीआरआर, म्हणजे रिझर्व्ह बँकेकडे ठेवावा लागणारा ठेवींचा हिस्सा. चार हप्त्यांत १ टक्का कमी होतोय, पहिला हप्ता ६ सप्टेंबरला, म्हणजे अनंत चतुर्दशीलाच. रिझर्व्ह बँकेकडे बिनव्याजी पडलेले एकूण अडीच लाख कोटी नोव्हेंबरअखेर मोकळे होणार.

इचलकरंजीवाला | ३१ ऑगस्ट, सकाळी ११:०५

अडीच लाख कोटी मोकळे होणार म्हणताय, ते आमच्याकडं येणार का हा प्रश्न हाय. काल शाखेत गेलतो, लिमिट थोडं वाढवून मागितलं तर साहेब म्हणाले टेक्स्टाइलला वरून सध्या सबुरीनं घ्यायला सांगितलंय. ज्याला गरज हाय त्याला न्हाई, ज्याला नको त्याला फोनवर फोन, पर्सनल लोन घ्या म्हणून. तुम्ही भागधारक मंडळींनी हेबी विचारा की कर्जवाढ कशात होतीय.

२०२० ला करोनात सरकारनं गॅरंटी देऊन २० टक्के जादा कर्ज दिलं होतं, विनातारण. तसं काहीतरी निर्यातीच्या साखळीसाठी आत्ता पायजे, डिसेंबरला न्हाई. तवर निम्मे माग भंगारात गेलेले असतील.

स्वदेशी_पहिले | ३१ ऑगस्ट, सकाळी ११:४०

हे मात्र मला मान्य. देशासाठी झळ सोसायची तर ती सगळ्यांनी वाटून घ्यायला हवी, एकट्या इचलकरंजीने आणि यवतमाळने का सोसायची? सरकार ठाम राहिलं याचं मी समर्थन करतोच, आणि म्हणूनच सरकारने गॅरंटी योजना लगेच आणावी असंही म्हणतो. माझ्या खासदारांना मी मेल करतोय.

प्रश्नकर्ता_नाशिक | ३१ ऑगस्ट, दुपारी १२:०५

+१. यात काही वाद नाही. मेलचा मजकूर इथे टाका, मीही पाठवतो. कापसाचं शुल्क नवीन आवक सुरू व्हायच्या आत परत लावा हेही त्यात घाला.

मुळशीकर | ३१ ऑगस्ट, दुपारी ४:३०

मी काय ठरवलं ते लिहितो, कोणी सल्ला समजू नये. एचडीएफसी तशीच ठेवतोय. बँक ऑफ महाराष्ट्र विकत नाही, थकीत कर्जाचं प्रमाण सरकारी बँकांमध्ये सगळ्यात कमी असणाऱ्यांत ती आहे, पण वाढवतही नाही, कारण सरकारचा हिस्सा अजून ७९ टक्क्यांच्या वर आहे आणि सेबीच्या नियमाने तो ७५ वर आणावाच लागणार, म्हणजे कधी ना कधी शेअर बाजारात ओतले जाणार. तेव्हा स्वस्त मिळेल. स्टेट बँक ८१७ च्या खाली आहे म्हणून घ्यायचा मोह होता, तो आवरलाय. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या निकालात नफ्याचा आकडा शेवटी वाचणार, आधी एसएमए-१ आणि २ ची बेरीज आणि एमएसएमईतली नवीन थकबाकी.

@निवृत्त_बँकवाला, हे एसएमएचे आकडे प्रेझेंटेशनमध्ये कुठे असतात? मागच्या वेळी शोधले तर पाच कोटींच्या वरच्या खात्यांचेच दिसले.

निवृत्त_बँकवाला | ३१ ऑगस्ट, सायंकाळी ५:१०

बरोबर बघितलंत. बऱ्याच बँका पाच कोटींच्या वरचेच देतात, कारण त्याच्या वरच्या खात्यांची माहिती रिझर्व्ह बँकेच्या क्रिलिक या मोठ्या कर्जांच्या नोंदणी यंत्रणेत जाते. ‘अॅसेट क्वालिटी’च्या पानावर खाली असतात. पण इचलकरंजीवाल्यांसारखी खाती पाच कोटींच्या आत असतात, ती त्यात येणारच नाहीत. त्यासाठी स्लिपेजचं (नव्याने एनपीए झालेल्या कर्जांचं) क्षेत्रवार कोष्टक बघा, शेती, एमएसएमई, रिटेल, कॉर्पोरेट असं वेगळं दिलेलं असतं, आणि निकालानंतरच्या कॉन्फरन्स कॉलची लेखी प्रत वाचा. विश्लेषक तिथे नेमकं हेच खोदून विचारतात. प्रत आठवड्याभरात बँकेच्याच साइटवर गुंतवणूकदारांच्या विभागात चढते.

ठाणेकर_ताई | ३१ ऑगस्ट, रात्री ९:५०

काका, शाखेचं उद्याच बघते, दर ०.७५ च कमी झालाय असं दिसतंय. आणि अर्धे शेअर विकून एफडी करायचं ठरलं आमचं.